सत्य सांगण्याची सोय

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी मंडळाने मला आपणांसमोर चार शब्द बोलण्याची संधी दिली, ह्याबद्दल मी कार्यकारिणीचा मनापासून ऋणी आहे. महाराष्ट्रापासून दूर, परभाषिक प्रदेशात, पन्नास वर्षे अखंड गणेशोत्सव साजरा करणे, मराठी पुस्तकांची कपाटे जतन करणे आणि बदली होऊन आलेल्या प्रत्येक नव्या कुटुंबाला आपल्यात सामावून घेणे हे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही. ज्यांनी ते निष्ठेने केले, त्यांतील काहीजण आज आपल्यात नाहीत. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी विषयाकडे वळतो.

विषयाची निवड कार्यवाहांनी माझ्यावर सोपविली होती. अशा व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत वा इतिहास ह्यांवर बोलण्याचा प्रघात आहे आणि ते योग्यच आहे. परंतु माझे सारे आयुष्य यंत्रांच्या सहवासात गेले. शिवाय ह्या सभागृहात बसलेल्या बहुतेक घरांतील चूल कारखाना, रेल्वे, वीजकेंद्र, प्रयोगशाळा, आणि अलीकडच्या पिढीत संगणक, ह्यांच्या आधारानेच पेटते. म्हणून मी आपल्या रोजच्या जीवनातलाच एक प्रश्न निवडला आहे. काम करणाऱ्या माणसाला कामातला दोष दिसतो. अनेकदा तो सर्वांत आधी त्यालाच दिसतो. तरीही तो बोलत नाही. असे का होते, आणि त्याने बोलावे म्हणून काय करता येईल?

सत्य निर्भयपणे सांगण्याचा विषय निघाला की मराठी मनाला पहिले नाव आठवते ते रामशास्त्री प्रभुण्यांचे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर सत्तेवर आलेल्या राघोबादादांना ह्या न्यायाधीशाने तोंडावर दोषी ठरविले, ह्या अपराधाला देहान्त प्रायश्चित्तच आहे असे बजावले आणि पुणे सोडले. अडीचशे वर्षे लोटली तरी ही कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण तिच्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सत्य सांगणाऱ्याला पदावर पाणी सोडावे लागले. सत्याची किंमत सांगणाऱ्याने मोजली. रामशास्त्री एकच होते. मनातून सारे जाणून गप्प बसणारे पुष्कळ असणार. हे प्रमाण कोणत्याही काळात फारसे बदलत नाही.

म्हणून माझे आजचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या संस्थेची सुरक्षितता ऐन वेळी कुणीतरी रामशास्त्री निपजेल ह्या आशेवर टांगलेली असते, ती संस्था धोक्यात आहे. सामान्य माणसाला, भिडस्त माणसाला, मुलाबाळांची काळजी असलेल्या संसारी माणसालाही सत्य सांगता यावे अशी सोय असली पाहिजे. आणि ती सोय करणे हे वरिष्ठाचे कर्तव्य आहे. कनिष्ठाकडून धैर्याची अपेक्षा करण्याचा अधिकार त्यानंतर येतो.

ह्या विषयावर अभियंत्यांच्या जगात सर्वांत अधिक अभ्यासली गेलेली घटना अमेरिकेतील आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अवकाशयान फ्लॉरिडातून उडाले आणि ७३ सेकंदांत आकाशात त्याचे तुकडे झाले. सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेतील शिक्षिका होती. कारण शोधले गेले ते असे : यानाला वर नेणारे दोन मोठे अग्निबाण अनेक खंडांत बनवून जोडलेले असत, आणि त्या सांध्यांतून तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून तेथे रबराची कडी बसविलेली असत. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. थंडीने रबर ताठरले, सांधा वेळेवर बंद झाला नाही, आणि पुढचा अनर्थ घडला.

आता ह्या घटनेतील खरी दुःखाची बाजू ऐका. हा दोष अज्ञात नव्हता. ते अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकोल ह्या कंपनीतील रॉजर बोझोले नावाच्या अभियंत्याने ३१ जुलै १९८५ रोजी, म्हणजे सहा महिने आधी, आपल्या वरिष्ठांना लेखी कळविले होते की ह्या सांध्यांकडे तातडीने लक्ष दिले नाही तर मनुष्यहानी होईल. उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारीला, कंपनी आणि नासा ह्यांच्यात तीन ठिकाणांहून दूरध्वनीवर बैठक झाली. बोझोले आणि त्यांचे सहकारी ह्यांनी आग्रहाने सांगितले की उड्डाण करू नये. कंपनीनेही प्रथम तसाच सल्ला दिला : ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअस, ह्याखाली तापमान असेल तर उड्डाण नको. नासाच्या अधिकाऱ्यांना हा सल्ला रुचला नाही आणि त्यांनी ती नाराजी स्पष्ट दाखविली. तेव्हा कंपनीने आपसांत विचार करण्यासाठी पाच मिनिटांची सवड मागितली. ती सुमारे अर्धा तास चालली. त्या अर्ध्या तासात कंपनीच्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सुचविले की आता अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालावी. मत फक्त चार व्यवस्थापकांचे घेतले गेले. अभियंते त्याच खोलीत बसून होते. त्यांना विचारले गेले नाही. सल्ला फिरविण्यात आला.

पुन्हा दूरध्वनी जोडला गेला, नवा सल्ला वाचून दाखविला गेला, आणि नासाच्या बाजूने विचारणा झाली की ह्यावर कुणाचे वेगळे मत आहे काय? कुणीही बोलले नाही. श्रोतेहो, ह्या शांततेचा विचार करा. थोड्या वेळापूर्वी जीव तोडून सांगणारी माणसे तेथेच होती. पण जे सांगायचे ते त्यांनी सांगितले होते, ते नाकारले गेले होते, आणि आता स्वतःच्या कंपनीविरुद्ध, ग्राहकासमोर, बोलायचे होते. प्रश्न विचारला गेला ही गोष्ट खरी; परंतु उत्तर देण्याची वाट त्याआधीच बंद झालेली होती. फ्लॉरिडात हजर असलेले कंपनीचे ॲलन मॅकडोनल्ड ह्यांनी संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला. ती सही दुसऱ्या अधिकाऱ्याने पाठविली. आणि उड्डाणाचा अंतिम निर्णय ज्यांच्या हाती होता, त्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपर्यंत आदल्या रात्रीचा हा वाद पोचलाच नाही, असे पुढे चौकशी आयोगाने नमूद केले.

ह्या प्रकरणातून दोन धडे मिळतात. पहिला असा की सिद्धतेचे ओझे कुणावर टाकायचे हे आधी ठरवावे लागते. एरवी नियम असा की उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध झाल्याखेरीज यान उडवायचे नाही. त्या रात्री तो उलटा झाला : उड्डाण असुरक्षित आहे हे अभियंत्यांनी सिद्ध करावे, अशी अपेक्षा धरली गेली. बोझोले ह्यांना आपली भीती अंकांत मांडता येत नव्हती. परिस्थिती वाईटाकडे जात आहे एवढेच ते खात्रीने सांगू शकत होते. शंका घेणाऱ्याकडून पूर्ण पुरावा मागणे हा त्याला गप्प करण्याचा अतिशय सभ्य मार्ग आहे. तो आपल्याकडच्या कचेऱ्यांतही रोज वापरला जातो.

दुसरा धडा बोलणाऱ्यांचे पुढे काय झाले ह्यात आहे. आयोगापुढे खरी हकीकत सांगणाऱ्या मॅकडोनल्डना कंपनीने त्यांच्या कामावरून बाजूला केले. अमेरिकन लोकप्रतिनिधींनी कठोर भूमिका घेतल्यावर त्यांना परत आणले गेले, आणि मग त्याच सांध्याची नवी रचना त्यांच्याच देखरेखीखाली झाली. बोझोले मात्र सहकाऱ्यांत एकाकी पडले. त्यांनी कंपनी सोडली आणि उरलेले आयुष्य अभियंत्याच्या सदाचारावर व्याख्याने देण्यात घालविले. तो सगळा प्रकार जवळून पाहणाऱ्या तरुण अभियंत्यांनी कोणता बोध घेतला असेल, ह्याची कल्पना आपण करू शकतो.

तो बोध काय होता, हे सतरा वर्षांनी दिसून आले. १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान उडाले तेव्हा इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. आपल्या कर्नालची कन्या कल्पना चावला त्या यानात होती. खाली जमिनीवर रॉडनी रोचा ह्या अभियंत्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना काळजी वाटू लागली. पंखाला कितपत इजा झाली हे कळावे म्हणून कक्षेतील यानाची छायाचित्रे मिळवावीत, अशी मागणी त्यांनी केली. ती वरच्या पातळीवर थांबविण्यात आली. रोचा ह्यांनी अतिशय कळकळीचे एक पत्र संगणकावर लिहिले, एका सहकाऱ्याला दाखविले, परंतु वरिष्ठांकडे पाठविले नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान भंगले आणि सातही जण गेले. चौकशी मंडळाने तेच नोंदविले : धोका आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी पुन्हा एकदा अभियंत्यांवरच टाकली गेली होती. संस्था तीच, नियमावली सुधारलेली, भिंतींवर सुरक्षिततेची वचने टांगलेली. तरी न पाठविलेले ते पत्र लिहिणाऱ्याकडेच राहिले.

कुणी म्हणेल, हे परदेशातले झाले. त्यांनी भोपाळ आठवावे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. तेथेही सूचना आधी मिळालेल्या होत्या. मे १९८२ मध्ये मूळ कंपनीच्या अमेरिकन तपासणी पथकाने दोषांची यादी दिली होती. त्याच वर्षी राजकुमार केसवानी ह्या पत्रकाराने आपल्या छोट्याशा साप्ताहिकातून शहराला सावध करण्याचा प्रयत्न केला होता. टाकीतील विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, बाहेर पडणारा वायू जाळणारी ज्योत दुरुस्तीसाठी बंद होती. ह्यांतील एकेक गोष्ट कुणा ना कुणाला ठाऊक होती. परंतु ते सारे तुकडे एकत्र करून त्यांचे वजन ज्याला पेलावे लागेल, अशा माणसापर्यंत ते वेळेवर पोचले नाहीत.

माणूस गप्प का बसतो? तो भित्रा असतो म्हणून, असे म्हणून आपण मोकळे होतो. माझा अनुभव निराळा आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात एका मोठ्या कारखान्यात मी काही महिने पंपघरात होतो. तेथील एका पंपाचे बेअरिंग एके दिवशी जळाले आणि अर्धा दिवस पाणीपुरवठा बंद पडला. चौकशीत निघाले की तेलपाणी पाहणाऱ्या एका वयस्क मदतनिसाला आठ दिवसांपासून त्या पंपाचा आवाज बदललेला जाणवत होता. का सांगितले नाहीस, असे विचारता तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मला कुणी विचारले नाही. मागे एकदा सांगायला गेलो, तेव्हा ऐकून घेतले की तुझे काम तेल घालण्याचे, आवाज ऐकण्याचे नाही." त्याच्या बोलण्यात भीती नव्हती, रागही नव्हता. त्याने एक धडा घेतला होता आणि तो निमूटपणे पाळला होता. तेथील विभागप्रमुख शहाणे होते. त्यांनी त्याला बोल लावला नाही. त्या दिवसापासून प्रत्येक पाळीच्या नोंदवहीत त्यांनी एक नवा रकाना आखला : 'आज काय वेगळे वाटले?' आणि तो रकाना ते स्वतः रोज सकाळी वाचत असत. महिन्याभरात तो भरू लागला.

गप्प बसण्याची कारणे अशी साधी असतात. पूर्वी बोललो तेव्हा अपमान झाला, हे एक. बोललो आणि काहीच घडले नाही, हे दुसरे. आणि माझ्या मते अपमानापेक्षाही हे अधिक मारक आहे. जो बोलेल त्याच्याच गळ्यात ते काम पडते, हे तिसरे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी हे सर्वांना पटते. पण सुचविणाऱ्यालाच दोरी हाती दिली जाते हेही उंदरांना ठाऊक असते. आणि चौथे कारण आपल्यासारख्या घर सोडून आलेल्यांचे. परक्या प्रांतात आलो, भाषा पुरती जिभेवर बसलेली नाही, नोकरी जाईल तर गावाकडे काय तोंड दाखवू. तेव्हा आपण बरे की आपले काम बरे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्यातील कितीतरी हुशार माणसे बैठकीत ह्या विचाराने गप्प राहिली असतील. आज आपल्या हाताखालीही कुणी मलयाळी, कुणी उडिया, कुणी मणिपुरी तरुण असाच शब्द जुळवीत बसलेला असेल. त्याला आपण वेळ देतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता उपायांकडे येऊ. मौन मोडता येते, आणि ते मोडण्याच्या सोयी माणसाने यशस्वीपणे उभ्या केल्या आहेत.

पहिले उदाहरण विमानवाहतुकीचे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. धावत सुटलेल्या विमानाचा कप्तान आपल्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ, इतरांना शिकविणारा वैमानिक होता. समोरचे विमान अजून पट्टीवरून हटले नाही काय, अशी शंका त्याच्याच विमानातील यंत्रज्ञाने बोलून दाखविली होती. कप्तानाने ठामपणे उत्तर दिले, आणि तो विषय तेथेच संपला. एवढ्या मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा कोण टोकणार? ह्या आणि अशा अपघातांच्या अभ्यासातून एक नवे शिक्षण जन्माला आले. १९७९ साली नासाने ह्या विषयावर परिषद भरविली. १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना ते शिक्षण देण्यास आरंभ केला. पुढे ते जगभर पसरले. त्यात सहवैमानिकाला शंका कशी मांडावी, उत्तर न मिळाल्यास ती अधिक स्पष्ट शब्दांत पुन्हा कशी मांडावी, हे शिकवितात. आणि तितक्याच काळजीने कप्तानाला ऐकावे कसे, हेही शिकवितात. ह्याच क्षेत्रात १९७६ पासून अमेरिकेत अशीही व्यवस्था आहे की वैमानिकाने आपल्या हातून वा डोळ्यांदेखत घडलेली चूक गोपनीयपणे कळवावी. तो अहवाल विमानांवर नियंत्रण ठेवणाऱ्या खात्याकडे न जाता त्रयस्थ म्हणून नासाकडे जातो आणि त्यातील नाव काढून टाकले जाते. ज्या संस्थेने दुसऱ्यांसाठी सत्य सांगण्याची इतकी उत्तम सोय केली, तिच्याच घरात चॅलेंजर आणि कोलंबिया घडावेत, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. ज्ञान घरात असणे आणि ते अंगी बाणणे ह्यांत असे अंतर असते.

दुसरे उदाहरण जपानचे, आणि ते सोलापूर, मालेगाव, इचलकरंजीकडच्या मंडळींना विशेष रुचेल. साकिची तोयोदा ह्या कारागिराने असा माग बनविला की धागा तुटला की तो आपोआप थांबे; तुटक्या धाग्याचे कापड विणतच राहत नसे. १९२४ मध्ये त्याचा पूर्ण स्वयंचलित माग तयार झाला. हेच तत्त्व पुढे त्याच घराण्याच्या मोटार कारखान्यात माणसांना लागू केले गेले. जुळणीच्या रांगेवर कामगारांच्या हाताशी एक दोरी असे. अलीकडे अनेक ठिकाणी तिची जागा बटणाने घेतली आहे. काही बिघडले असे वाटले की कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, गटप्रमुख मदतीला धावतो, आणि ठरलेल्या अंतरात दोष दूर झाला नाही तर सारी रांग थांबते. लाखोंचे उत्पादन थांबविण्याचा अधिकार अगदी शेवटच्या माणसाच्या हाती! तेथे दोरी ओढणे हे धाडस मानले जात नाही. तो कामाचाच एक भाग आहे. सत्य सांगण्याची सोय ती हीच.

तिसरी गोष्ट थोडी चमत्कारिक वाटेल. हार्वर्ड विद्यापीठातील एमी एडमंडसन ह्या विदुषीने १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या कक्षांत परिचारिकांचा एकोपा चांगला आणि प्रमुख समंजस, तेथे चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या कक्षांत चुकांची नोंद अधिक होती. खोलवर पाहता उलगडा झाला : तेथे चुका अधिक होत नव्हत्या, त्या अधिक सांगितल्या जात होत्या. म्हणून मी म्हणतो, ज्या विभागाची तक्रारवही कोरी आहे त्या विभागाचे अभिनंदन करण्याची घाई करू नये. कोरी वही पाहून अनुभवी माणसाला काळजीच वाटली पाहिजे.

आणि चौथे उदाहरण आपल्या देशातले, ज्याचा कुणालाही अभिमान वाटावा. १० ऑगस्ट १९७९ रोजी भारताच्या एसएलव्ही-३ ह्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण श्रीहरिकोटाहून झाले आणि तो बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. अब्दुल कलाम. परंतु वार्ताहरांपुढे उभे राहिले ते इस्रोचे अध्यक्ष प्राध्यापक सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली आणि आपल्या सहकाऱ्यांवर पूर्ण विश्वास व्यक्त केला. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झाले. तेव्हा त्यांनी वार्ताहरांपुढे कलामांना पाठविले. ही कथा कलामांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितली. आपण तिच्याकडे औदार्याची कथा म्हणून पाहतो, आणि ती आहेच. परंतु तिच्यात व्यवहारही आहे. ज्या संघाला ठाऊक आहे की अपयशाचा दोष वरिष्ठ स्वतःवर घेतील, तो संघ अपयशाची कारणे दडवीत नाही. आणि कारणे दडली नाहीत तर दुसरे उड्डाण अकरा महिन्यांत साधते.

ह्या सर्वांतून वरिष्ठांसाठी मी थोडे नियम काढले आहेत. बैठकीत आपले मत शेवटी सांगावे. आपल्या सैन्यातील कोर्ट मार्शलमध्ये सर्वांत कनिष्ठ सभासदाचे मत आधी घेण्याचा दंडक आहे, तो ह्याच मानवी स्वभावाची जाण ठेवून. 'सगळे ठीक आहे ना?' असे विचारू नये. ह्या प्रश्नाला आपल्या देशात एकच उत्तर असते. 'ह्यात तुम्हाला कशाची धास्ती वाटते?' असे विचारावे. वाईट बातमी आणणाऱ्याला पहिला शब्द आभाराचा मिळावा, कारण त्या क्षणी तुमचा चेहरा सारा विभाग पाहत असतो. आणि सूचनेला ठरल्या मुदतीत उत्तर द्यावे. प्रत्येक सूचना मान्य करावी असे नाही. निर्णय अखेर ज्याची जबाबदारी त्याचा. परंतु नकार द्यायचा तर तोही कारणासह, आणि तोंडावर द्यावा.

कनिष्ठ बंधूंसाठीही दोन शब्द. सोय असो वा नसो, आपल्या बोलण्याला बळ देणे आपल्या हाती आहे. काय पाहिले, केव्हा पाहिले, किती वेळा पाहिले, हे लिहून ठेवावे. जे मोजता येईल ते मोजावे, आणि जे मोजता येत नाही ते तसे आहे असे मोकळेपणाने सांगावे. दोष कामाचा दाखवावा, माणसाचा नव्हे. शक्य असेल तर एकट्याने न जाता जाणत्या सहकाऱ्याला बरोबर घ्यावे. आणि एकदा सांगून ऐकले गेले नाही तर 'मी माझे काम केले' असे समजून थांबू नये. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शब्दांत, पुन्हा सांगावे.

हे सारे कारखान्यापुरते नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब वाचून होतो, 'कुणाला काही विचारायचे आहे का?' असे अध्यक्ष विचारतात, आणि चहाचा वास सुटलेला असल्यामुळे कुणालाच काही विचारायचे नसते. (हशा) आपले मंडळ पन्नास वर्षे टिकले, ह्याचा अर्थ येथे अडचणीचे प्रश्न विचारणारी आणि ते ऐकून घेणारी, अशी दोन्ही प्रकारची माणसे होती. ती परंपरा चालू ठेवावी. आणि घरीही तेच. कमी गुणांचे प्रगतिपुस्तक मुलाने स्वतः होऊन आपल्यासमोर ठेवले, तर त्या घरात सोय आहे असे समजावे. त्याने ते दप्तराच्या तळाशी लपविले, तर दोष त्याच्या धैर्यात शोधण्यापूर्वी आपल्या आवाजात शोधावा. ही मुले उद्या पूल बांधतील, यंत्रे चालवतील, संगणकांना आज्ञा देतील. घरी खरे सांगितले तर काय होते, हे जे ती आपल्याकडून शिकतील, तेच घेऊन कामावर जातील.

रामशास्त्र्यांचा आदर आपण सदैव करू. परंतु त्यांचे खरे स्मारक कोणते, असे कुणी विचारले तर मी म्हणेन : जेथे पंपघरातील मदतनिसाला आवाज बदलल्याचे सांगण्यासाठी रामशास्त्री व्हावे लागत नाही, असा कारखाना.

मंडळाच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देतो, आपण इतक्या शांतपणे माझे बोलणे ऐकून घेतलेत ह्याबद्दल आभार मानतो, आणि आता ही शांतता प्रश्नोत्तरांच्या वेळी आपण मोडाल अशी विनंती करून माझे भाषण संपवितो.